पाच पिढ्यांची ऐरण

४ मार्च

ऐरण आली. चौघांनी उचलून आणली आणि चौघांनीही जिन्यात आळीपाळीने शिव्या दिल्या. "कुठं ठेवू, ताई?" मी तोंड उघडायच्या आत बाबांनी काठीने स्वयंपाकघर दाखवलं. फ्रिजशेजारी. टेकवली तेव्हा फरशी तडकली — या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ.

"फरशी कच्ची आहे," बाबा म्हणाले.

फरशी कच्ची!

ऐरणीखालचा लाकडी ओंडकाही आला. त्याच्या भेगांत किती वर्षांची काजळी, तेल आणि घाम साठलाय देव जाणे. हात लावला तर चिकटला. एक झुरळ निघालं, मग त्याचं सगळं खानदान. बाबांनी एक चपलेने चिरडलं आणि चपलेचा तळ ओंडक्याला पुसला. म्हणजे इतकी वर्षं हेच चाललं असणार. आणि आता ते माझ्या पिठाच्या डब्यापासून हातभर अंतरावर.

बाबा माझ्याकडे आले त्याला अर्धं वर्ष होईल. भट्टीची शेड मालकाने पाडायला काढली. मागच्याच खोलीत ते राहायचे, जाणार कुठे? वहिनी म्हणाली, आमच्याकडे मुलांचे अभ्यास. मी एकटी, म्हणून माझ्याकडे. एकट्या बाईच्या घरात नेहमी जागा असते असा लोकांचा समज आहे. तेव्हा एक पिशवी आणि एक काठी, एवढंच आलं होतं. आता हे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

५ मार्च

ऐरण इथे का आली ते आज कळलं. दादाला हवी आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बाप लोहार, आणि हा फॅशनची फाटकं आणि कठडे विकतो. घण कधी उचलला नाही, फक्त कॅटलॉग उचलतो. त्याची नवी शोरूम होतेय. दारातच काचेची पेटी, वरून दिवा, आत ऐरण, आणि फलक — 'पाच पिढ्यांची परंपरा'. पाच पिढ्या हे त्याला बाबांनीच फोनवर सांगितलंय. मी कांदा चिरत होते, माझ्या कानांनी ऐकलं. "तुझ्या पणजोबाच्या बापाची ऐरण आहे ती!"

मी जन्मभर या माणसाची मुलगी आहे. लहानपणी ऐरणीबद्दल एकच ऐकलं — "लांब हो." पिढ्याबिढ्या सगळ्या गेल्या एक-दोन महिन्यांत निघाल्या. म्हातारपणी केस जातात, दात जातात, थापा तेवढ्या नव्याने फुटतात.

आता मुद्द्याचं. बाबांनी अट घातली आहे — ऐरण न्यायची तर मलाही न्यायचं. "ती आणि मी वेगळे नाही." म्हणून शेडमधून उचलून ती आधी इथे आणवली. दादा हो म्हणाला. शोरूमच्या वर एक खोली आहे. खाली ऐरणीजवळ खुर्ची टाकू, बाबा गिऱ्हाइकांशी बोलतील. पण त्याला पुरावा पाहिजे. ऐरण कोणी बनवली, कधी बनवली, हे कुणीतरी जाणत्याने लिहून द्यायला हवं, कारण फलकावर काळ घालायचाय. जुनी निघाली तर दोघंही जातील. नाही निघाली तर — "मग काय, भंगारात घाल. आणि बाबा तुझ्याकडे मजेत आहेतच."

मजेत!

तर ऐरण जुनी निघाली पाहिजे. लिहिताना लाज वाटत नाही. वहीपुढे कसली लाज.

९ मार्च, रविवार

दिवसभर दोघंही समोर. बाबा आणि ऐरण.

बाबा सकाळी खाकरतात ते गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. मग बेसिनमध्ये थुंकतात आणि नळ सोडत नाहीत. सांगितलं तर म्हणाले, "सुकतं ते." पायाची नखं कापत नाहीत. ऐरणीवर पाय ठेवून कानशीने घासतात आणि तो भुगा फुंकतात. मी शेजारी जेवण करत असते. आंघोळ दिवसाआड, तीही मी पाणी काढून ठेवलं तर.

आणि कवळी! ही कवळी मी केलेली आहे. माझा धंदाच तो. दातांच्या लॅबमध्ये इतकी वर्षं कवळ्या करते, आणि मालक सांगतात, माझ्या हातची कवळी परत येत नाही. बाबांची तर मी जीव ओतून केली. एकेक दात निवडून लावला, हिरडीचा रंग जुळवला. हा माणूस ती जेवताना काढतो आणि ऐरणीवर ठेवतो. "टोचते." मग घालायची कधी? "फोटोला." आज त्या कवळीला मुंग्या लागल्या होत्या. मी चिमट्याने उचलून नळाखाली धरली.

दिवसभर परक्या माणसांच्या तोंडांच्या मापांत माझे हात असतात. कधी मळमळलं नाही. घरी आलं की मळमळतं. आपल्याच माणसाची घाण जास्त लागते की काय, कळत नाही.

१० मार्च

वरची शेजारीण येऊन गेली. "सकाळी सकाळी कोण ठोकतं?" बाबा ऐरणीवर बदाम फोडतात. माफी मी मागितली. बदाम त्यांनी खाल्ले.

१२ मार्च

दादाने जाणकार पाठवला. जुनी हत्यारं जमवतो आणि त्यांच्यावर भाषणं देतो. दादा तोंडावर त्याला 'सर' म्हणतो, पाठीमागे 'गंजोबा'. गंजोबाच बरोबर. नखांत माती, ओठांच्या कोपऱ्यात थुंकी. आल्याआल्या ऐरणीपुढे गुडघे टेकले, वाकला आणि जीभ लावली. खोटं लिहीत नाही — जीभ! "लोखंडाची चव कळते." सकाळी त्याच जागी कवळी होती. मी काही बोलले नाही. आजचा दिवस त्यामुळे बरा गेला.

मग खिशातून पोलादी गोळी काढून ऐरणीवर टाकली. ती टणकन उडून परत त्याच्या हातात. "माथा उत्तम." हातोडीने हलकेच वाजवली, आवाज लांबपर्यंत गेला. वरून शेजारणीने जमीन ठोकली. मग मोबाईलच्या उजेडात ऐरणीच्या कमरेखाली, जिथे ती बारीक होते तिथे, आतल्या वळणात बोटाने चाचपडत राहिला. "आहे. उठावाचं काहीतरी आहे. घंटा असणार."

त्याचं म्हणणं असं. ही घंटाछाप ऐरण. कारखाना एकच होता, केव्हाच बंद पडला. थोरल्या मालकाच्या काळात ठशात नुसती घंटा असायची. त्या ऐरणी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, आता बघायला मिळत नाहीत. पुढे कारखाना मुलांच्या हातात गेला तेव्हा त्यांनी घंटेच्या आत लोलक घातला. त्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, पैशाला पासरी. "कोणी बनवली ते कळलं. कधी बनवली ते लोलक सांगेल." पण मळ इतका की डोळ्याला काही दिसत नाही, बोटालाही नुसता उंचवटा लागतो. साफ करा, ठसा स्पष्ट दिसेल असं काहीतरी आणा, मग सही करतो. फलकावर त्याचंही नाव येणार आहे म्हणे.

बाबा सगळा वेळ खुर्चीत डोळे मिटून बसले होते. घंटेचं निघालं तेव्हा एकदा उघडले. गंजोबाने चहा प्यायला आणि बशी चाटली. या माणसाला जीभ तोंडात ठेवता येत नाही.

१३ मार्च

लोलक नको. बाकी काहीही निघू दे. लोलक नको.

१६ मार्च, रविवार

रॉकेल, तारेचा ब्रश, जुना टूथब्रश. सकाळपासून जमिनीवर उकिडवी बसून घासते आहे. मळाची साल निघते. काळी साल, तिच्याखाली हिरवा रंग, त्याच्याखाली पुन्हा काळं. मध्येच केस निघाले. कुणाचे ते विचारायची हिंमत झाली नाही. हातमोजे फाटले. हाताचा वास साबणाने गेला नाही, लिंबाने गेला नाही. जेवले चमच्याने.

बाबांच्या खुर्चीतून सूचना चालूच. "तिथं नको घासू." "रॉकेल वाया जातंय." मी म्हटलं, मग तुम्ही उठा. "माझी कंबर." शेवटी म्हणाले, "राहू दे की मळ. मळ आहे म्हणून तर जुनी दिसते."

हे त्यांचं तत्त्वज्ञान! स्वतःच्या अंगालाही तेच लावतात.

एवढं घासून ठसा जिथे आहे तिथे डोळा पोचतच नाही. मोबाईल आत घातला तर अंधाराचा फोटो येतो. बोटाला लागतं आणि दिसत नाही. मग लक्षात आलं, अरे, हे तर माझंच काम. शेवटच्या दाढेचं असंच असतं. उद्या लॅबमधून मापाची पावडर आणते.

१७ मार्च

माप घेतलं. गुलाबी पावडर पाण्यात कालवली, ट्रेमध्ये भरली, ऐरणीच्या कमरेखाली सरकवून दाबून धरली. सवयीने तोंडातून निघालं, "आ करा." बाबा हसले. मोकळ्या हिरड्या दिसल्या. मी तोंड फिरवलं.

माप छान सुटून आलं. त्यात डोकावले नाही. मुद्दाम. हे माप थांबत नाही, आक्रसतं, म्हणून लगेच प्लास्टर ओतलं. उद्या लॅबमध्ये सोडवीन. तिथे बाबा नसतात.

१८ मार्च

सोडवलं. मालक मागे येऊन उभे राहिले. "कुठल्या पेशंटचं हे?" म्हटलं, वडिलांचं. "दाढ अवघड दिसते," म्हणाले आणि गेले.

घंटा सुरेख उतरली आहे. वरची कडी, खालची जाड किनार, सगळं स्वच्छ. इतकं स्वच्छ माप पेशंटचंही येत नाही. आणि किनारीच्या खाली, मधोमध, वाटाण्याहून बारीक — लोलक.

१९ मार्च

पन्नास-साठ वर्षं! पणजोबाचा बाप म्हणे! पाच कुठल्या, धड दोन पिढ्याही होत नाहीत.

बाबांना सांगितलं नाही. ते बदाम फोडत होते. टरफलं माझ्या चपलेत गेली. म्हणजे आता हे असंच. ही थुंकी, ही टरफलं, हा लोखंडाचा वास, मरेपर्यंत. त्यांच्या किंवा माझ्या. लिहिलं खरं. खोडत नाही.

२० मार्च

दादाने फलकाचं चित्र पाठवलं. काचेची पेटी, ऐरण, शेजारी खुर्चीत एक म्हातारा लोहार. कपाळाला फडकं, झुपकेदार मिशा. खाली लिहिलंय — 'बाबा स्वतः'. बाबांना मिशा कधी नव्हत्या. भट्टीपुढे मिशा ठेवत नाहीत, जळतात. हे दादाला माहीत नाही, कारण दादा भट्टीपुढे कधी उभाच राहिला नाही.

चित्र बाबांना दाखवलं. वाटलं चिडतील. "वाढवीन की," म्हणाले.

बाप म्हणून कुणी नेत नाही, तर पुतळा म्हणून जायला तयार! मला त्या दोघांचीही शिसारी आली.

२१ मार्च

हातात मेण कापायची सुरी होती आणि समोर प्लास्टरचा साचा. साच्यावर बुडबुड्याचे फोड येतात ते आम्ही रोजच खरवडतो. त्याला साफ करणं म्हणतो. मी लोलक साफ केला. सुरी दोनदा फिरवली आणि फुंकर मारली. झाली सव्वाशे वर्षं.

साच्यावर असलं काही कवळी करताना केलं असतं तर कुणाच्या तरी हिरडीला जखम झाली असती. ऐरणीला हिरडी नाही. इथे कुणाला काय दुखणार आहे?

स्वतःची किळस आली, पण थोडी. बाकी हायसंच वाटलं. जेवण चांगलं गेलं.

२२ मार्च

पकडले गेले.

बाबांनी साचा उचलून खिडकीत नेला आणि त्यावर अंगठा फिरवला. डोळ्यांनी त्यांना धड दिसत नाही, अंगठ्याने दिसतं. "इथं काहीतरी होतं," म्हणाले. मी भांडी घासत राहिले. आता आरडाओरडा होणार असं वाटलं. त्यांनी अंगठा पुन्हा फिरवला. मग — "प्लास्टरचं ठीक आहे. पण तो जीभवाला लोखंड बघणार. आता मळ नाही, बोटाला कळेल त्याच्या. कानस आण. बारीक, गोल पाठीची. पेटीत आहे."

मी वळून बघितलं तर ते खाली बसत होते.

कंबर दुखते म्हणून पाण्याचा तांब्या न उचलणारा हा माणूस फरशीवर आडवा झाला. गाल जमिनीला टेकवला, हात ऐरणीच्या कमरेखाली घातला, डोळे मिटले आणि कानस चालवायला लागला. एकदा घासायचं, एकदा बोटाने चाचपायचं. पुन्हा घासायचं. चहाचा कप धरताना निम्मा चहा सांडणारा हात तो! जराही हलत नव्हता. झाल्यावर म्हणाले, मिठाचं पाणी लाव, गंज धरू दे, मग राख आणि तेल चोळ. "ताजं घासलेलं चकाकतं. पहिलं तेच दिसतं."

मी बाजूला बसून बघत होते. तेवढा वेळ मला त्यांचा वास आला नाही.

हात धरून उठवलं. उठल्यावर त्यांनी बोटांनी नाक शिंकरलं आणि पडद्याला पुसलं.

२३ मार्च

मला राग कशाचा आलाय ते आज कळलं. घाईचा! पोराकडे जायला मिळावं म्हणून म्हातारा जमिनीवर लोळला. अर्धं वर्ष मी बेसिन धुते, चादरी धुते, दर पंधरवड्याला डॉक्टरकडे नेते. 'दमलीस का' म्हणून एकदा विचारलं नाही. आणि दादाच्या वरच्या खोलीसाठी कंबर एकदम बरी. ज्याने हाकललं तो लाडका, जिने ठेवून घेतलं ती घरचीच, तिचं काय!

मला ते जायला हवे आहेत. आणि त्यांना जायचंय याचा मला संताप येतो. हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

२५ मार्च

गंज छान धरला. राख चोळली, तेल चोळलं. माझंच काम मला ओळखू येत नाही.

२९ मार्च, शनिवार

गंजोबा आणि दादा दोघंही आले. दादा बूट न काढता सरळ आत. वहिनी अर्ध्या जिन्यातून परत फिरून खाली गाडीत बसली. "वर वास येतो ना," — हे जिन्यात म्हणाली, मला ऐकू येईल अशा बेताने. राग आला. वास येतो हे मी म्हणायचं, तिने नाही.

गंजोबाने बोट घातलं, अंगठा घातला, साचा भिंगाखाली धरला, पुन्हा बोट घातलं. मी ओट्याला पाठ लावून उभी. बाबा मात्र निवांत. "माझ्या आजोबांच्या वडिलांनी गाडीतून आणली. वाटेत आस मोडला. मग तिथंच झाडाखाली भट्टी पेटवून, याच ऐरणीवर नवा आस घडवला आणि पुढं निघाले." आस मोडला म्हणे! झाडाखाली म्हणे! दादा मोबाईलवर सगळं टिपत होता. मी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. एका शब्दाला अडखळले नाहीत.

गंजोबाने शेवटी जीभ लावलीच. जरा थांबला. "खारट लागतंय," म्हणाला. मिठाचं पाणी! "जुन्या लोखंडाचं हेच लक्षण!"

सही झाली. घंटाछाप, थोरल्या मालकाच्या काळातली, सव्वाशे वर्षांपूर्वीची. उचलली जीभ, लावली ऐरणीला. बाप थापाड्या, लेक थापाडी, आणि जाणकार असा! या सगळ्यांना मिळून त्या काचेच्या पेटीत बसवायला हवं.

"पुढच्या शनिवारी गाडी पाठवतो," दादा म्हणाला. विचारलं, आणि बाबा? "हो, हो. दोघंही."

२ एप्रिल

बाबा म्हणाले, "नखं काप माझी. तिकडं बरं दिसेल."

पाय मांडीवर घेतला. नखं पिवळी, जाड, कडेने आत वळलेली. कोमट पाण्यात बुडवून ठेवली तरी कातरी चालेना. कापली. सगळी कापली. काम झाल्यावर म्हणाले, "हलकं वाटतं." अर्धं वर्ष सांगत होते मी. आता 'तिकडं' म्हटल्यावर हलकं वाटतं.

आंघोळ रोज चालू आहे. न सांगता. कवळी घालतात आणि काढत नाहीत. मिशाही येतायत, पांढऱ्या, इथे चार तिथे चार. बघवत नाही.

४ एप्रिल

पिशवी भरून दाराशी ठेवली त्यांनी. आली तेव्हा होती तेवढीच.

५ एप्रिल, शनिवार

सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसले होते. इस्त्रीचा शर्ट, कवळी, मांडीवर पिशवी. न्याहारी नको म्हणाले, शर्टावर सांडेल.

गाडी आली, माणसं आली, चाकांचा गाडाही आणला होता. ऐरण त्यांच्यासमोरून गेली. त्यांनी पाय बाजूला घेतले. "सांभाळून रे, सव्वाशे वर्षांची आहे," दादा माणसांना सारखं सांगत होता. खाली तिला जाड चादरीत गुंडाळलं, दोऱ्या बांधल्या, दोन्ही बाजूंनी उशा लावल्या. मग दादा वर आला. मला बाजूला घेऊन नाही. तिथेच, बाबांच्या डोक्यावरून — "बाबांचं पुढच्या महिन्यात बघू. वरच्या खोलीला रंग लावायचाय. वासाने त्यांनाच त्रास होईल."

वासाने त्यांना!

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. अट होती म्हटलं, शब्द दिला होतास म्हटलं, आणखी बरंच, जिन्यापर्यंत, जिन्यातही. "अगं, त्यांना इथली सवय झालीये," म्हणाला आणि उतरून गेला. अशी किळस मला झुरळाची आली नाही, थुंकीची आली नाही. सख्खा भाऊ!

आत आले तर बाबा तसेच. पिशवी मांडीवर, पाय अजून बाजूला घेतलेले. संध्याकाळी पिशवी मीच काढून घेतली. त्यांनी लगेच सोडली नाही.

फ्रिजशेजारी तेलाचा गोल डाग राहिलाय. पुसला. निघत नाही.

६ एप्रिल

सकाळी चहा घेताना सांगून टाकलं. ऐरण जुनी नव्हतीच, थोरल्या मालकाच्या मुलांच्या काळातली होती.

"मला सांगतेस? मीच आणली कारखान्यातून, कोरी. तुझा दादा रांगत होता तेव्हा."

मग पाच पिढ्या कशाला?

"नुसता म्हातारा कोण नेतं? जुनी वस्तू नेतात लोक. म्हटलं, तिच्याबरोबर मीही जाईन. तुला माझी किळस येते, पोरी. कळतं मला. तू तरी सुटली असतीस."

'नाही हो बाबा, असं काही नाही' — हे लगेच म्हणायचं असतं. मला म्हणता आलं नाही.

"चहा गार होतोय तुझा," म्हणाले.